चार बोटं जाड पोलाद जोडताना

डिसेंबरातली गोष्ट. कापसाचा हंगाम जोरात होता आणि आमच्या तालुक्याजवळच्या एका जिनात गाठी बांधायच्या प्रेसच्या चौकटीला तडा गेला. प्लेट ४० मिलीमीटर जाड. माझा एक जुना विद्यार्थी तिथे वेल्डिंगची कामं करतो. त्यानं रात्री अकरापर्यंत बसून तडा ग्राइंडरनं खोदून काढला, रॉडमागून रॉड लावत खाच भरली, स्लॅग (वर जमलेली खपली) झाडला, ब्रश मारला. रन, म्हणजे भरलेल्या धातूची ओळ, एकसारखा होता, कुठे भोक नाही, कडेला खड्डा नाही. सकाळी सात वाजता त्याचा फोन आला.

"सर, रातच्याला तं एकदम मस्त बसलं होतं. आता पाह्यतो तं फाटलं. जोड नाही फाटला, जोडाच्या बाजूची प्लेट फाटली. प्रेस तं अजून चालूबी नाही केली, मंग कायनं फाटलं?"

मी जाऊन पाहिलं. केसाएवढी बारीक रेघ जोडापासून दोन-तीन मिलीमीटरवर, जोडाला समांतर गेली होती. मशीन बंद, भार शून्य, आणि तरी पोलाद आपोआप फाटलं. आयटीआयमध्ये शिकवायला लागण्याआधी मी काही वर्षं मुंबईत जहाजबांधणीच्या कामावर होतो. तिथे हाच प्रश्न रोज समोर असायचा, फक्त चाळीस मिलीमीटरच्या एका प्लेटऐवजी अख्ख्या जहाजाच्या मापात. जाड पोलाद जोडायच्या ज्या आधुनिक पद्धती आपण ऐकतो, त्या सगळ्या या एका प्रश्नाभोवती फिरतात. म्हणून आधी तो प्रश्न नीट समजून घेऊ.

गावच्या लोहाराला वखराची पास किंवा कुऱ्हाड शेवटताना, म्हणजे तापवून धार काढताना, पाहिलं असेल. लाल झालेलं पातं तो पाण्यात बुडवतो. याला आपण पाणी देणं म्हणतो. झटक्यात थंड झालेलं पोलाद कडक होतं, धार धरतं, पण ठिसूळही होतं. पाणी जास्त झालं तर कुऱ्हाडीचा टवका उडतो. आता जाड, थंडगार प्लेटवर वेल्डिंग मारताना काय होतं ते पाहा. वितळलेल्या पोलादाचा एक छोटासा थेंब, आणि त्याच्या तिन्ही बाजूंना मणभर थंड लोखंड. ते लोखंड थेंबातली उष्णता शोषून घेतं. पाण्याचा टिपूस नसताना प्लेटच जोडाला पाणी देते. पत्रा पातळ असेल तर उष्णतेला पळायला जागा कमी, म्हणून तो हळू निवतो. ट्रॉलीच्या पत्र्यावर जे वर्षानुवर्षं बिनबोभाट जमतं, ते प्रेसच्या प्लेटवर दगा देतं ते यामुळे.

वेल्डिंगचे इंजिनिअर यासाठी एक साधं मोजमाप वापरतात. जोडालगतचं पोलाद ८०० अंशांवरून ५०० अंश सेल्सिअसपर्यंत यायला किती सेकंद लागतात? जहाजाला लागणाऱ्या ताकदीच्या पोलादांसाठी हा वेळ ढोबळमानानं दहा ते पंचवीस सेकंदांच्या आसपास ठेवायचा प्रयत्न असतो. यापेक्षा लवकर निवलं तर कुऱ्हाडीसारखं ठिसूळ. फार हळू निवलं तर पोलादाच्या आतले कण फुगतात, जसा पाक सावकाश थंड होऊ दिला की खडीसाखरेचे मोठे खडे होतात. मोठ्या कणांचं पोलाद धक्का सोसत नाही. म्हणजे चूक दोन्हीकडे आहे आणि मधली वाट अरुंद आहे.

त्या तड्यामागे आणखी दोन गोष्टी होत्या. पहिली ओल. त्यानं वापरलेले रॉड आपल्याकडे सगळीकडे मिळतात ते ६०१३, आणि पुडा पावसाळ्यापासून उघडा पडलेला. रॉडच्या लेपातलं पाणी आर्कमध्ये, म्हणजे रॉड आणि प्लेटमधल्या विजेच्या झोतात, फुटतं, त्यातला हायड्रोजन वितळलेल्या पोलादात शिरतो. पोलाद थंड झाल्यावर तो आत मावत नाही. मग त्याचे सुटे अणू हळूहळू सरकत जोडालगतच्या कडक पट्ट्यात जमा होतात. याला तास लागतात, कधी दोन दिवस. रात्री धड दिसलेला जोड सकाळी फाटलेला सापडतो तो यामुळेच. दुसरी गोष्ट ताण. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आगीत तापवायची, फुगली की चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. आक्रसताना ती लाकडाचे सगळे सांधे कचकचून आवळते. पोलाद तापताना मीटरमागे दर अंशाला ०.०१२ मिलीमीटर वाढतं. हजार अंशांना ती वाढ १२ मिलीमीटर होते. जोड निवताना तेवढंच आक्रसू पाहतो, पण जाड प्लेट त्याला हलू देत नाही. म्हणून भार नसलेल्या जोडातही ताण कायम भरलेला असतो.

कडक पोलाद, आत हायड्रोजन आणि वरून ताण. तिन्ही एकत्र आले की तडा जातो. तिघांतला एक जरी काढला तरी जोड वाचतो.

आम्ही तिन्ही कमी केले. जोड पुन्हा खोदला, आणि तड्याची टोकं शोधायला लाल रंग मारला, तो पुसून वरून पांढरी पावडर फवारली. तडा असेल तिथे लाल रेघ उमटते. डोळ्याला दिसत होता त्यापेक्षा तो दोन बोटं पुढे गेलेला होता. तडा पुढे सरकू नये म्हणून टोकाला भोक पाडलं. आमच्या आयटीआयच्या ओव्हनमध्ये कमी हायड्रोजनचे ७०१८ रॉड ३५० अंशांवर तास-दीड तास भाजले. (६०१३ असे भाजून उपयोग नाही, त्याचा लेपच बिघडतो. हे पुष्कळ वेल्डरांना ठाऊक नसतं.) गॅसच्या बर्नरनं प्लेट दोन्ही बाजूंनी १२० अंशांपर्यंत तापवली. तापमान पाहायला खास खडू मिळतो, ठरलेल्या अंशाला त्याची रेघ वितळते. मग मध्ये न थांबता खाच भरली आणि शेवटी जोडावर दोन टोपली कोरडी राख ओतली, हळू निवावा म्हणून. शेठला सांगितलं, दोन दिवस प्रेस चालवायची नाही. "दोन दिवस? हंगाम चाल्ला ना भाऊ माया!" हायड्रोजनला तेवढे दिवस लागतात, हे समजावताना माझी पुरेवाट झाली. तिसऱ्या दिवशी पुन्हा लाल रंग मारला, रेघ नाही उमटली.

आता हाच हिशेब जहाजाला लावा. दोन प्लेटांच्या कडा तासून ६० अंशांची व्ही आकाराची खाच केली, तर २० मिलीमीटर जाडीला दर मीटर जोडात सुमारे १.८ किलो धातू भरावा लागतो. जाडी दुप्पट, म्हणजे ४० केली, की सव्वासात किलो. ८० मिलीमीटरला २९ किलो. जाडी दुपटीनं वाढते तेव्हा भरण चौपट होतं, कारण खाच खोल होते तशी रुंदही होते. चाळीसच्या प्लेटचा एक मीटर जोड हातानं भरायचा तर चार मिलीमीटरचे दोनशेवर रॉड लागतात, आणि नुसता आर्क चालू असण्याचाच वेळ पाच-सहा तास. दोन्ही बाजूंनी खाच घेतली तर भरण निम्म्यावर येतं, म्हणून गोदीत शक्य तिथे तसंच करतात. पण मोठ्या जहाजात जोडांची लांबी किलोमीटरांत मोजतात. तिथे हात पुरणार नाही, आणि हातानं प्रत्येक मीटरला उष्णता सारखी पडेल याची खात्रीही नाही. पहिला मीटर वेल्डर सकाळी ताजातवाना असताना मारतो आणि शेवटचा दुपारी थकलेला असताना.

यावर उपाय म्हणून जी पद्धत गोदीत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते, तिचं नाव सबमर्ज्ड आर्क. समजायला सगळ्यात सोपी तीच आहे, कारण आपण रोडगे खातो. रोडगा निखाऱ्यावर उघडा भाजत नाहीत, गोवऱ्यांच्या राखेत पुरतात. वरून काही दिसत नाही, आत सगळीकडून सारखी धग लागते आणि तो करपत नाही. सबमर्ज्ड आर्कमध्ये मशीन खाचेवर फ्लक्सच्या दाण्यांचा (रॉडच्या लेपाचं काम करणारी भुकटी) जाड थर पसरत जातं आणि त्या थराच्या आत रॉडऐवजी तार वितळते. आर्क दिसतच नाही. प्रकाश नाही, ठिणग्या नाहीत, धूर नावाला. हातानं आपण दीडशे-दोनशे अँपिअरवर काम करतो, इथे सहाशे ते हजार अँपिअर सहज चालतात. वरचा थोडा फ्लक्स वितळून काचेसारखा कडक पापुद्रा होतो. त्याच्या खालचा जोड हळू निवतो आणि हवाही लागत नाही. न वितळलेले दाणे गोळा करून परत वापरतात. एकच अट: जोड आडवा, जमिनीला समांतर हवा, नाहीतर दाणे ओघळतात. म्हणून जहाजबांधणीचं कामच त्याप्रमाणे मांडलं गेलं. आधी जमिनीवर मोठमोठ्या प्लेटा जोडून पटल करायचं, त्यावर आडव्या-उभ्या पट्ट्या बसवायच्या, पटलांचा खोका करायचा आणि खोके क्रेननं उचलून एकमेकांना लावायचे. ही पद्धत १९३०च्या दशकात पुढे आली आणि दुसऱ्या महायुद्धात तिनं जहाजांचा वेग कुठच्या कुठे नेला.

त्याच वेगानं एक धडाही शिकवला, आणि तो मला वर्गात दरवर्षी सांगावासा वाटतो. १६ जानेवारी १९४३ला अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या गोदीत 'स्केनेक्टडी' नावाचं नवं कोरं तेलवाहू जहाज धक्क्याला उभं होतं. पाणी शांत, वारा नाही, नुसती थंडी. प्रचंड आवाज करून जहाज मधोमध फाटलं आणि दोन्ही टोकं खाली गेली. आपल्या जिनातल्या प्लेटसारखीच गत, लाटांचा मार नसताना. त्याआधीची जहाजं रिबिटांनी जोडलेली असायची. एका प्लेटमधला तडा कडेला पोचला की तिथेच संपायचा, कारण पुढची प्लेट वेगळी. वेल्डिंगनं सगळं जहाज एकसंध झालं, तशी तड्यालाही एकसंध वाट मिळाली. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या संशोधक बाईंनी पुढे दाखवून दिलं की त्या काळचं पोलाद ठरावीक तापमानाच्या खाली गेलं की काचेसारखं फुटायचं. जोडातले दोष हे तड्याला सुरुवात करून द्यायचे, आणि ठिसूळ पोलाद त्याला पुढे पळवायचं. तेव्हापासून जहाजाच्या प्लेटचा तुकडा थंड करून हातोड्याच्या ठरावीक घावानं तोडून बघणं हा नेहमीचा शिरस्ता झाला.

आडवे जोड सुटले. उभ्या जोडांचं काय? दोन प्रचंड खोके शेजारी उभे केले की त्यांच्यामध्ये पाच-दहा मजली उंचीचा उभा जोड तयार होतो. मोठ्या कंटेनर जहाजात तर आणखी एक अडचण असते. त्याचं वरचं तोंड उघडं, झाकण नसलेल्या खोक्यासारखं. लाटेवर चढताना असं खोकं वाकतं आणि सगळा ताण वरच्या काठावर येतो. म्हणून त्या तोंडाभोवतीच्या कठड्याच्या प्लेटा ८० ते १०० मिलीमीटरपर्यंत जाड घेतात. शीर्षकातली चार बोटं तिथली.

तिथे इलेक्ट्रोगॅस वेल्डिंग लागतं. विहिरीचं किंवा टाकीचं काँक्रीट करताना साचा लावतो, भरतो, आणि साचा वर सरकवतो, तसंच हे. उभ्या खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे जाड तुकडे लावतात, आतून थंड पाणी फिरवलेले, किंवा मागून चिनीमातीची पट्टी. मधल्या जागेत तार वितळत राहते, वितळलेल्या पोलादाचं डबकं वर चढत जातं आणि त्याच्यासोबत तांब्याचा तुकडा व मशीन वर सरकतात. हातानं शंभरेक रन मारावे लागले असते, तिथे एका किंवा दोन तारांनी एकाच चढाईत सगळी जाडी भरून निघते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाऊण तास जागचा हललो नव्हतो. तारेची फुरफुर ऐकू येते, तांब्याच्या कडेनं पिवळा उजेड झिरपतो, आणि खालून गरम, गुळगुळीत जोड उलगडत येतो.

पण यातली किंमत उष्णतेत चुकवावी लागते. हातानं मारलेल्या रनपेक्षा वीस-तीस पट उष्णता एका जागी जाते. आता प्लेट पाणी देत नाही, उलट जोड मिनिटं न् मिनिटं तापलेला राहतो आणि खडीसाखरेची अडचण उभी राहते. कण फुगतात. हे कोडं वेल्डरांनी नाही, पोलाद बनवणाऱ्यांनी सोडवलं. त्यांनी पोलादात टायटॅनियमच्या संयुगाचे अतिसूक्ष्म कण असे विखुरले की तापल्यावर पोलादाच्या कणांना वाढायला जागाच मिळत नाही. शिवाय कठड्याखालच्या डेकसाठी धावता तडा अडवणारं खास पोलाद वापरायचा नियम आला. 'स्केनेक्टडी'चा धडा इतक्या वर्षांनी नियमात असा उतरला.

बाकीच्या पद्धतींकडे थोडक्यात पाहू. खाच रुंद ठेवायचीच कशाला, जवळजवळ सरळ भिंतींची अरुंद फट ठेवली तर? चाळीसच्या प्लेटला भरण निम्म्यावर येतं. याला नॅरो गॅप म्हणतात. अडचण एवढीच की भिंतीला धातू नीट चिकटला की नाही ते बाहेरून कळत नाही, म्हणून तार दोन्ही भिंतींकडे हलवत नेणारी मशीनं लागतात. लेसर आणि आर्क मिळून चालणारी हायब्रिड पद्धत जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या गोदीत प्रवासी जहाजांच्या डेकसाठी वापरतात. लेसर सुईसारखा खोल जातो, मागून आर्क भरण करतो, उष्णता कमी आणि पत्रा वाकत नाही. ही मुख्यतः दहा-पंधरा मिलीमीटरपर्यंतच्या प्लेटांची गोष्ट आहे, आणि कडा मिलीमीटरच्या आत जुळाव्या लागतात. इलेक्ट्रॉनांचा झोत शंभर मिलीमीटर एका दमात जोडू शकतो, पण त्याला निर्वात पोकळी लागते, आणि अख्खं जहाज पोकळीत ठेवता येत नाही. १९९१ साली केंब्रिजजवळच्या वेल्डिंग संस्थेत शोधलेलं फ्रिक्शन स्टर तर पोलाद वितळवतच नाही. फिरता दांडा दोन कडा कणकेसारख्या मळून एक करतो. अॅल्युमिनियमच्या जहाजांना ते उत्तम. पोलादात दांडा फार लवकर झिजतो.

एवढ्या मशीनांनंतरही गोदीत माणूस लागतोच. कोपऱ्यातले, डोक्यावरचे, वाकून जायच्या जागेतले जोड हातानं होतात, बहुतेक फ्लक्स भरलेल्या पोकळ तारेनं. शिवाय कोणता जोड आधी आणि कोणता नंतर हे माणसालाच ठरवावं लागतं. जोड आक्रसतो, म्हणून मधून सुरुवात करून कडेला जायचं, दोन वेल्डर समोरासमोर एकाच वेगानं चालवायचे. क्रम चुकला तर शेवटच्या खोक्याची कड बोटभर हुकते आणि ती ओढून आणायला गेलं की ताण आत कोंडला जातो.

हे सगळं फार दूरचं वाटत असेल तर नकाशा उघडून पाहा. कोचीनच्या गोदीत बांधलेली विमानवाहू युद्धनौका 'विक्रांत' २ सप्टेंबर २०२२ला नौदलात आली. तिच्यासाठी संरक्षण संशोधन संस्थेनं आणि 'सेल' या सरकारी पोलाद कंपनीनं मिळून डीएमआर २४९ए नावाचं पोलाद देशातच तयार केलं, आणि त्याच्या प्लेटा बोकारो, राऊरकेला आणि भिलाईच्या कारखान्यांतून आल्या. भिलाई म्हणजे गोंदियाच्या पलीकडे, आपल्याच रेल्वेमार्गावर. पोलादात मँगनीज असतं. ते गंधकाला बांधून ठेवतं, नाहीतर जोड निवतानाच गंधकामुळे मधोमध चिरतो. सबमर्ज्ड आर्कच्या पुष्कळ फ्लक्समध्येही मँगनीजचं ऑक्साइड असतं. आणि देशातल्या मँगनीजच्या महत्त्वाच्या खाणी भंडारा जिल्ह्यात तुमसरकडे डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे, तसंच नागपूर जिल्ह्यात मनसर आणि कांद्रीला आहेत. माझ्या वर्गात तुमसरकडची दोन-तीन मुलं नेहमी असतात. खाणीची माती अंगणात पाहिलेल्या मुलाला तीच माती जहाजाच्या जोडात काय करते हे सांगताना मला फार बरं वाटतं.

जोड झाला, आता तो चांगला आहे हे कसं ठरवायचं? आपण मडकं घेताना बोटानं वाजवून पाहतो. गोदीत ध्वनीच वापरतात, पण कानाला न ऐकू येणारा. जोडाशेजारी तेलकट जेल लावून एक छोटा ठोकळा फिरवतात. त्यातून गेलेला आवाज आत भेग असेल तिथून परत येतो आणि पडद्यावर उंचवटा दिसतो. किती खोल, किती लांब, तेही कळतं. जास्त ताकदीच्या जाड पोलादाची ही तपासणी जोड झाल्या झाल्या करत नाहीत. ठरलेला वेळ, पुष्कळदा ४८ तास, थांबतात. जिनातल्या शेठनं ज्यासाठी कपाळाला आठ्या घातल्या होत्या, तेच हे दोन दिवस.

आयटीआयमध्ये आमच्याकडे ध्वनीचं यंत्र नाही. आमची तपासणी जुनी आहे. मुलानं जोडलेल्या प्लेटमधून दोन बोटं रुंद पट्टी कापतो, कडा घासून गुळगुळीत करतो आणि हायड्रॉलिक प्रेसखाली जोड मधोमध ठेवून ती इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवतो. पोलाद ताणलं जाताना पट्टीच्या बाहेरच्या अंगावर सालपटासारख्या सुरकुत्या पडतात, तेवढं चालतं. सगळी मुलं वाकून बघतात, कोणी बोट फिरवतं. ३ मिलीमीटरपेक्षा मोठी फट उघडली की पट्टी बाद, आणि ज्याची ती असते तो मुकाट्यानं उठून नवी प्लेट कापायला घेतो.